पोट आणि न जाणारा थकवा: मुंबईत आहारतज्ज्ञ म्हणून हे काम सुरू करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अंबरनाथहून एक ताई यायच्या. डेंग्यू होऊन सात-आठ महिने झाले होते. ताप कधीच गेला होता, पण अंगातलं बळ परत आलं नव्हतं, आणि जेवलं की पोट टम्म फुगायचं. मी त्यांना दोन पानी आहारतक्ता दिला. सकाळी भिजवलेले बदाम, अकराला कोशिंबीर, दुपारी नाचणीची भाकरी, रात्री ज्वारीची, मधे सूप, शिवाय घरच्या विरजणाचं ताक. तक्त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. तीन आठवड्यांनी ताई आल्या त्या जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. पण ते करण्यातच मी संपते."

त्या दिवसापासून मी प्रत्येक सल्ला देण्याआधी एकच गोष्ट तपासते: हे करायला या माणसाची किती ताकद खर्च होईल, आणि त्यातून परत किती मिळेल. या कामात नव्याने येणाऱ्यांना बाकी कुणी हे सांगणार नाही म्हणून लिहिते आहे. खालचे टप्पे मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने नाहीत. ज्या क्रमाने शिकायला हवे होते, त्या क्रमाने आहेत.

१. आधी आपलं शिक्षण आणि आपली हद्द पक्की करा

आतड्यातले सूक्ष्मजीव हा विषय सध्या इतका चालतोय की सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सवर लोक 'गट हेल्थ कोच', म्हणजे आतड्याच्या आरोग्याचे सल्लागार, होतात. तो रस्ता धरू नका. थकव्याच्या रुग्णात दहा आजार लपलेले असू शकतात, आणि ते ओळखायला वॉर्डात उभं राहिलेलं असावं लागतं. मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं एसव्हीटी महाविद्यालय किंवा न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन इथून आहारशास्त्राचं पदवी-पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. त्यानंतर रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायेटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डायटिशियन' परीक्षा. इंटर्नशिपमध्ये शक्य असेल तर गॅस्ट्रोच्या ओपीडीत जास्त दिवस मागून घ्या. मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात एका सकाळी जेवढं दिसतं, तेवढं खाजगी क्लिनिकमध्ये वर्षभरात दिसत नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश झाला आहे. त्याखालच्या नोंदणीची सध्याची स्थिती काय आहे ते काम सुरू करण्याआधी पाहून घ्या.

हद्द म्हणजे काय, तर आपण निदान करत नाही, औषध लिहीत नाही, चालू असलेलं औषध बंद करायला सांगत नाही. रुग्ण आपल्याला "डॉक्टर" म्हणतात. पहिल्याच वेळी, हळूच पण स्पष्ट सांगा की मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ आहे. नंतर सांगायला अवघड जातं.

२. जागा, कागद, साहित्य

स्वतःचा गाळा घेऊन सुरुवात करू नका. एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात किंवा पॉलिक्लिनिकमध्ये आठवड्याचे दोन-तीन दिवस, तासांवर खोली घ्या. जागा तळमजल्याची हवी, नाहीतर चालू लिफ्ट हवी, आणि संडास जवळ हवा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, पण आपल्या रुग्णांना दोन मजले चढायला लावू नका.

कागदपत्रं:
- पदवी आणि नोंदणीची प्रमाणपत्रं, खोलीत दिसतील अशी
- पॅन आणि व्यवसायासाठी वेगळं बँक खातं
- दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना (मोजकीच माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते)
- व्यवसाय कराची नोंदणी, वर्षाला २,५०० रुपये. हे बहुतेक जण विसरतात आणि मग दंडासकट भरतात
- प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल कुणी भरपाई मागितली तर त्यासाठीचा
- संमतिपत्र, मराठीत, एका पानाचं: मी काय करते, काय करत नाही, तुमची माहिती कुठे ठेवते

साहित्य:
- वजनकाटा, उंचीपट्टी, बीपीचं मशीन
- मलाच्या सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता, लॅमिनेट करून
- घरात असतात तशाच वाट्या, चमचे, पळी. "एक वाटी" म्हणजे प्रत्येक घरात वेगळी असते
- आणि एक कॉट. ही चैन नाही. अर्धा तास खुर्चीत ताठ बसणं ज्यांना जमत नाही, त्यांना आडवं होऊन बोलू द्या

३. पहिली भेट: शब्दांचे अर्थ विचारा

या भेटीला किमान एक तास ठेवा. येताना रुग्णाने काय आणायचं ते आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा: तारखेप्रमाणे लावलेले जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, आणि तीन दिवसांच्या खाण्याची नोंद. त्यातले दोन दिवस कामाचे, एक सुट्टीचा.

नव्या लोकांची सर्वात मोठी गफलत इथे होते. रुग्ण मराठीत बोलतो, आणि आपण तो शब्द मनातल्या मनात पुस्तकातल्या शब्दात बदलून केसपेपरवर लिहितो. मी स्वतः हे कितीतरी वर्षं केलं.

"पित्त" घ्या. कुणाला पित्त म्हणजे छातीत जळजळ. कुणाला सकाळी उठल्यावरची मळमळ. कुणाला अर्धं डोकं दुखून उलटी होणं, म्हणजे बहुतेक मायग्रेन. आणि "अंगावर पित्त उठतं" म्हणणाऱ्या माणसाला गांधी येतात, त्याचा आम्लाशी काही संबंध नाही. या चौघांना एकच तक्ता दिला तर तिघांचं नुकसान होईल.

"गॅस" त्याहून फसवा. पोट फुगणं, ढेकर, वारा सरणं, बरगडीखाली टोचणं, सगळं गॅसमध्ये जातं. चालताना किंवा जिना चढताना छातीत येणारा "गॅस", घाम, डाव्या हातात कळ असं कुणी बोललं, तर तिथेच आहाराची चर्चा थांबवा आणि माणसाला लगेच डॉक्टरकडे पाठवा.

"पोट साफ होत नाही" म्हणणारे निम्मे लोक रोज जाऊन येतात. त्यांची तक्रार अशी असते की गेल्यावरही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. त्यांना बद्धकोष्ठाचं चूर्ण दुकानदारानेच दिलेलं असतं आणि वर्षानुवर्षं चालू असतं. इथे ब्रिस्टल तक्ता पुढे ठेवा आणि बोट ठेवायला सांगा. बोलायला लाजणारी माणसंही चित्रावर बोट ठेवतात.

थकव्यालाही असंच उलगडा. "झोप येते" आणि "झोपून उठलं तरी अंग गळालेलं असतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "कंटाळा येतो" म्हणजे मन लागत नाही, की मन धावतं पण शरीर साथ देत नाही? पहिल्यात उदासीनतेकडे लक्ष जायला हवं. दुसऱ्यात पुढच्या दोन टप्प्यांकडे.

शेवटी तीन प्रश्न, न चुकता: घरात स्वयंपाक कोण करतं? कामाला कसं जाता? वाटेत संडासाला जाता येतं का? बदलापूर किंवा विरारहून लोकलने येणाऱ्या कितीतरी बायका सकाळी पाणी पीत नाहीत, कारण दीड तास जायची सोय नसते. त्यांच्या बद्धकोष्ठाचं आणि डोकेदुखीचं उत्तर कुठल्याच जिवाणूंमध्ये नाही.

४. साधी कारणं आधी, सूक्ष्मजीव नंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्यासमोर बसलेल्या थकलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता तिच्या आतड्यातल्या कुठल्याही "असंतुलना"पेक्षा जास्त आहे. डॉक्टरांनी या तपासण्या केल्यात का ते बघा, नसतील तर चिठ्ठी देऊन परत पाठवा: रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृत आणि मूत्रपिंड, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह), आणि सीलिअ‍ॅकसाठी टीटीजी (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा हा आजार).

टीटीजीबाबत एक सापळा आहे. रील बघून लोक आधीच गहू सोडून येतात. गहू बंद असताना ही तपासणी केली तर ती खोटी नकारार्थी येऊ शकते. म्हणून तपासणी होईपर्यंत गहू बंद करायला सांगू नका. आणि सीलिअ‍ॅक निघालाच, तर घरातली हिंगाची डबी बघा. बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. पोळी सोडून वर्ष झालं तरी पोट का शांत होत नाही, याचं उत्तर मला एकदा फोडणीच्या डब्यात सापडलं.

गोळ्यांची यादीही वाचा. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लाच्या रोजच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी१२ खाली जाऊ शकतं. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना कळवा.

लगेच पाठवायच्या खुणा: न ठरवता घटलेलं वजन, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, संध्याकाळचा ताप, गिळताना अडकणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास. मुंबईत क्षयरोग विसरून चालतच नाही. तो आतड्यालाही होतो आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घ दाहाच्या आजारासारखा दिसतो.

५. श्रमानंतरची घसरण ओळखा

सगळे रिपोर्ट बरे, तरी माणूस उभा राहू शकत नाही. अशा वेळी एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा आजार, मनात असू द्या. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली मांडलेले निकष असे: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता बरीच घटलेली, श्रमानंतर तब्येत खाली जाणं, झोपेने ताजंतवानं न होणं, आणि त्याबरोबर एकतर डोक्यावर धुकं आल्यासारखं होणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं. निदान डॉक्टर करतील. आपण ओळखायची ती घसरण.

ती उशिरा येते, बहुधा १२ ते ४८ तासांनी. म्हणून रुग्णाला स्वतःलाही ती श्रमाशी जोडता येत नाही. शनिवारी लग्नाला जाऊन आले, रविवारी बरं होतं, सोमवारी अंथरुणातून उठता येईना, मग दोष लग्नातल्या जेवणाला जातो. मी एक चौकटींची वही देते: वर काय केलं, खाली दोन दिवसांनी कसं होतं. तीन आठवड्यांत आकृती दिसायला लागते.

"रोज थोडं थोडं चालणं वाढवा" हा सल्ला इथे देऊ नका. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असा ठरावीक वाढीचा व्यायाम या आजारासाठी काढून टाकला. त्याऐवजी आपल्या कुवतीच्या आत राहणं शिकवा. मुंबईत याचा अर्थ अगदी ठोस आहे: दादरचा पूल चढण्याऐवजी सरकता जिना कुठे आहे ते माहीत असणं, गर्दी ओसरल्यावर निघणं, भाजी चिरताना स्टुलावर बसणं, आंघोळ आणि स्वयंपाक एकाच सकाळी न करणं.

उभं राहिल्यावर धडधड, चक्कर असेल तर आडव्या स्थितीत नाडी आणि बीपी मोजा, मग उभं करून दहा मिनिटं मोजत राहा. जवळ उभे राहा, माणूस पडू शकतो. प्रौढांत नाडी मिनिटाला ३० ठोके किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली तर आकडे लिहून डॉक्टरांकडे पाठवा. आणि "जास्त मीठ-पाणी घ्या" हे इंटरनेटवर वाचून सांगू नका. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते बाधेल.

६. पोटाचं काम: एका वेळी एकच बदल

पोटदुखी, शौचाशी जोडलेली, आठवड्यातून निदान एक दिवस, गेले तीन महिने: असं चित्र असेल आणि डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्याच्या हालचाली-संवेदनेतला बिघाड, सांगितलं असेल, तर आपलं काम सुरू होतं.

पहिले दोन आठवडे फक्त जेवणाच्या वेळा, पाणी, आणि चहा. उपाशीपोटी चार कटिंग जात असतील तर दुसरं काही करायच्या आधी तेच बघा. रक्तक्षय असेल तर चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा, पालेभाजीवर लिंबू पिळा. एवढ्यानेही बऱ्याच जणांना फरक पडतो.

मग लागलंच तर लो-फॉडमॅप, म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या ठरावीक साखरा कमी केलेला आहार. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेली ही पद्धत तीन पायऱ्यांची आहे: दोन ते सहा आठवडे काही पदार्थ बाजूला, मग एकेक परत आणून पाहणं, मग त्या माणसापुरती कायमची यादी. नवे लोक पहिली पायरी देतात आणि रुग्ण परत येत नाही. तो वर्षभर कांदा, डाळ, फळं सोडून बसतो, सूक्ष्मजीवांना लागणारा चोथाही जातो आणि वजनही. दुसऱ्या पायरीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून द्या. वजन आधीच घटलेलं असेल, किंवा खाण्याशी नातं बिघडलेलं असेल, तर ही पद्धत वापरूच नका.

इंग्रजी यादी रुग्णाच्या हातात देऊ नका. तिच्यात आपलं स्वयंपाकघर नसतं. मी पहिला प्रश्न विचारते, "चातुर्मासात पोट कसं असतं?" कांदेनवमीला कांदाभजी खाऊन पुढचे चार महिने कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्या घरांत हा प्रयोग दरवर्षी आपोआप होत असतो. "अहो, श्रावणात मला खरंच बरं वाटतं, मी म्हणायचे देवाची कृपा," असं मला एका काकूंनी सांगितलं होतं. श्रद्धेला हात न लावता तेवढी माहिती घ्या. कांदा-लसणातले फ्रुक्टन (त्याच आंबणाऱ्या साखरांपैकी एक) त्रास देत असावेत, याचा तो चांगला इशारा आहे.

पर्याय घरातलेच द्या. लसणाच्या पाकळ्या तेलात तांबूस करून काढून टाका, मग फोडणी करा. फ्रुक्टन तेलात उतरत नाहीत, स्वाद उतरतो. मात्र लसूण आत असताना पाणी किंवा डाळ घालू नका. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. पोळीऐवजी तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. राजमा-छोल्यांऐवजी मुगाचं पातळ वरण, डाळ भिजवून ते पाणी फेकून. दुधाने त्रास होत असेल तर आधी दही सोसतं का बघा.

चोथा वाढवायचा तो चमच्या-चमच्याने. एका आठवड्यात सॅलडचा डोंगर दिला तर फुगलेलं पोट आणखी फुगेल आणि माणूस आपल्याकडे पाठ फिरवेल. आणि थकलेल्या माणसाचं मोजमाप पुन्हा लावा: भाकरी थापायला ताकद नसेल तर मऊ भात, वरण, तूप, लिंबू, बाजूला शिजवलेला लाल भोपळा. कुकर एकदाच लावायचा, तीन भांडी एकावर एक. अंबरनाथच्या ताईंचा दुसरा तक्ता एवढाच होता.

७. सूक्ष्मजीवांच्या नावाने काय विकू नये

आतड्यातल्या जिवाणूंचं संशोधन खरं आहे आणि मोलाचं आहे. २०२३ साली दोन स्वतंत्र अभ्यासांत एमई/सीएफएसच्या रुग्णांमध्ये ब्युटिरेट (चोथ्यापासून बनणारं, आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल) तयार करणारे जिवाणू कमी आढळले. पण कमी असणं हे कारण आहे की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. "तुमचे जिवाणू दुरुस्त केले की थकवा जाईल" असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

घरपोच मलतपासणी करून "तुमचा गट स्कोअर" देणारे हजारो रुपयांचे किट निघाले आहेत. त्या आकड्यावरून निदानही होत नाही, आहारही ठरत नाही. रुग्ण करून आलाच तर रिपोर्ट आदराने वाचा, पैसे वाया गेले म्हणून हिणवू नका, आणि आपलं काम लक्षणांवरून चालू ठेवा.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलचा परिणाम जिवाणूच्या त्या-त्या वाणावर अवलंबून असतो. एका वाणाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक संशोधनाबाहेर वापरायला सुचवले नाहीत. दही-ताक, इडली-आंबोळी सोसत असेल तर जरूर खावी, पण ती अन्न म्हणून. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या माणसाला जिवंत जिवाणूंची कुठलीही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काही महिन्यांतच एखादा प्रतिनिधी येईल आणि पावडरच्या डब्यामागे टक्केवारी देऊ करेल. नाही म्हणा. ज्या दिवशी आपण डबा विकायला लागतो, त्या दिवशी रुग्णाला "हे तुम्हाला लागत नाही" म्हणायची मोकळीक जाते. जाहिरातीत "बरा करतो", "मुळापासून" हे शब्दही नकोत. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय कायदा ठरावीक आजारांबाबत असे दावे करायला मनाई करतो.

८. फी, नोंदी, पाठपुरावा

तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. या आजारात माणूस मधेच दोन महिने झोपून असतो, तेव्हा परताव्याचा वाद नको. भेटीगणिक फी घ्या, पावती द्या. फोनवरच्या पाठपुराव्याची फी कमी ठेवा, कारण गंभीर रुग्णाला प्रवासानेच घसरण होते. फोन वीस मिनिटांत संपवा. कॅमेरा बंद चालेल.

लोक शौचाचे, जिभेचे, रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. कामाचा नंबर वेगळा ठेवा, फोटो आपोआप गॅलरीत जाणार नाहीत असं सेटिंग करा, आणि कुणाचीही माहिती शिकवणीसाठीसुद्धा विचारल्याशिवाय दाखवू नका.

वर्षानुवर्षं कुणी विश्वास न ठेवलेली माणसं आपल्याकडे येतात. "सगळं नॉर्मल आहे, मनाचं आहे" हे ऐकून थकलेली. कधी बोलता बोलता "आता जगूनच काय करायचं" असं निघतं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. थेट विचारा, घरच्या एकाला रुग्णाच्या संमतीने बोलावून घ्या, डॉक्टरांना कळवा, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्या. तिथे मराठीतही बोलता येतं. जीवाला लगेच धोका वाटत असेल तर संमतीसाठी थांबू नका.

पुढच्या फोनची वेळ ठरवताना विचारा, दिवसातला कुठला तास बरा जातो. अंबरनाथच्या ताईंचा दुपारी साडेतीन ते साडेचार. मी दर दुसऱ्या गुरुवारी पावणेचारला फोन करायचे. वजन भरून यायला पाच महिने लागले, पोट त्याआधीच शांत झालं. थकवा पुरता गेलेला नाही. आता त्या घरीच दोन मुलांची शिकवणी घेतात, एक तास, बसून, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही ठरवत नाहीत.